टॅब जुना झालाय की नुसती बॅटरी?

२०२० साली शाळा घरात भरायला लागल्या आणि पुण्यातल्या कितीतरी घरांनी घाईघाईने टॅब घेतला. मुलाचा वर्ग, बाबांची मीटिंग, आजीचं दुपारचं कीर्तन, सगळं त्या एकाच पडद्यावर. पुढे शाळा उघडल्या, मुलाच्या हातात फोन आला आणि टॅब आजीकडे राहिला. आता तो ‘बॅकअप’ देत नाही. सकाळी शंभर टक्के दाखवतो, तासाभरात तिसावर येतो आणि कीर्तन रंगात आलं की एकदम काळा.

असा टॅब घेऊन बुधवार पेठेत, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या तपकीर गल्लीत गेलात, तर एका दुकानात ‘बॅटरी टाकून देतो’ ऐकाल आणि पलीकडच्या दुकानात ‘कशाला पैसे घालता, नवा घ्या’. दोघांचाही सल्ला बरोबर असू शकतो. तुमच्या टॅबसाठी कोणता बरोबर ते ठरवायला बॅटरी म्हातारी होते म्हणजे नेमकं काय होतं, हे माहीत असलेलं बरं.

आत काय चाललेलं असतं

टॅब उघडला की चंदेरी पाकिटासारखी एक चपटी वस्तू दिसते, ती लिथियम-आयन बॅटरी. सोनीने १९९१ मध्ये ती पहिल्यांदा बाजारात आणली. तिचा पाया घालणाऱ्या जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो या तिघांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. पाकिटाच्या आत एका बाजूला ग्रॅफाइटचा थर असतो, दुसऱ्या बाजूला कोबाल्टसारख्या धातूच्या ऑक्साइडचा, आणि दोन्हींच्या मध्ये पेट घेऊ शकणारा द्रव. विद्युतभार असलेले लिथियमचे अणू, म्हणजे आयन, या दोन थरांमध्ये ये-जा करतात.

ही ये-जा पुण्यातल्या स्वारगेट-कात्रज बससारखी समजा. ग्रॅफाइट म्हणजे स्वारगेट, दुसरा थर म्हणजे कात्रज. चार्जिंगला लावलं की सगळे प्रवासी कात्रजहून स्वारगेटला गोळा होतात, टॅब वापरला की कात्रजला परत. पण दर फेरीत एखाददुसरा प्रवासी वाटेत उतरतो आणि पुन्हा कधीच बसमध्ये चढत नाही. ग्रॅफाइटवर एक पातळ थर धरतो, तो हळूहळू वाढत जातो आणि लिथियम त्यात अडकून पडतं. चार-पाच वर्षांनी स्वारगेटला स्टँड ‘फुल्ल’ दिसतो तेव्हाही प्रवासी पूर्वीच्या दोन तृतीयांशच असतात. टॅब शंभर टक्के म्हणतो ते आज जेवढं मावतं त्याच्या शंभर टक्के. नवा असताना मावत होतं तेवढं नाही.

दुसरी भानगड रस्त्याची. बॅटरी जुनी होते तसा आतला विजेचा अडथळा वाढतो. सातारा रस्त्यावर जागोजागी खोदून ठेवावं तसं. कमी वर्दळ असेल तर बस कशीबशी पोचते. पण पडदा पूर्ण उजेडात, वर व्हिडिओ, वर वाय-फाय अशी एकदम मागणी आली की बॅटरीला तेवढी वीज त्या क्षणी पुरवता येत नाही. व्होल्टेज खाली कोसळतं आणि टॅब स्वतःला बंद करतो. चार्जरला लावून चालू केलात की तोच टॅब निवांतपणे ‘२६ टक्के’ दाखवतो. तो खोटं बोलत नसतो. प्रवासी स्टँडवर उभे असतात, त्यांना वेळेत सोडायला रस्ता नसतो.

किती वर्षं टिकायला हवी?

बॅटरीचं वय ‘सायकल’मध्ये मोजतात. एकूण शंभर टक्के वीज वापरली की एक सायकल. आज साठ आणि उद्या चाळीस टक्के वापरले तरी सायकल एकच. आयपॅडची बॅटरी १,००० सायकलनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्के राहील अशा बेताने बनवल्याचं ॲपल सांगतं. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून विकल्या जाणाऱ्या फोन-टॅबना ८०० सायकलनंतर ८० टक्के ही किमान अट आहे. दोन दिवसांना एक सायकल धरली तर ८०० सायकलला साडेचार वर्षांच्या आसपास लागतात. म्हणजे लॉकडाउनमधल्या टॅबची बॅटरी आता थकली असेल, तर त्यात बिघाड असा काही नाही. टॅबमध्ये झिजण्यासाठीच बसवलेला एखादा भाग असेल तर तो हाच.

मात्र सायकली न मोजताही बॅटरी म्हातारी होते. कपाटात पडून असली तरी होते. उष्णता आणि पूर्ण चार्ज हे दोन्ही एकत्र आले की सर्वांत वेगाने होते. एप्रिलमध्ये पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो तेव्हा बंद गाडीत राहिलेला, पूर्ण चार्ज केलेला टॅब एका दुपारीत बरंच भोगतो. जाडजूड रबरी कव्हरात गुंडाळून उशीखाली चार्जिंगला लावलेला टॅबही त्याच जातीचा.

आधी बॅटरीला निर्दोष समजून चौकशी करा

दुकानात जाण्याआधी ही पायरी लोक हमखास गाळतात आणि मग नव्या बॅटरीचे पैसे वाया जातात.

टॅबसोबत आलेला चार्जर बहुधा ५ व्होल्ट, २ अँपिअरचा, म्हणजे १० वॉटचा होता. तो हरवला आणि आता एखाद्या जुन्या फोनचा १ अँपिअरचा चार्जर लावताय का? तसं असेल तर व्हिडिओ बघत चार्ज करताना टॅब खातो जास्त आणि मिळतं कमी. ‘रात्रभर लावूनसुद्धा भरत नाही’ ही तक्रार अनेकदा इथे संपते. केबलही बदलून बघा. पिनच्या खाचेत कापसासारखा मळ साठतो. टॅब बंद करून लाकडी टूथपिकने तो हळूच काढा, सुई किंवा पिन घालू नका. मग सेटिंग्जमध्ये बॅटरीच्या पानावर बघा. एखादं ॲप मागच्या मागे निम्मी बॅटरी पीत असेल तर तिथे नाव दिसतं.

हे सगळं करूनही टक्के उड्या मारत उतरत असतील आणि टॅब मध्येच बंद पडत असेल, तर बॅटरीच गेली आहे. खात्री हवी असेल तर अँड्रॉइडवर ॲक्युबॅटरीसारखं ॲप काही दिवस चालू ठेवलं की आज खरी क्षमता किती उरली याचा अंदाज मिळतो. आयपॅड मॅकला जोडून कोकोनटबॅटरी या प्रोग्रॅममधून हेच बघता येतं. सत्तर टक्क्यांच्या खाली आकडा दिसला की बदलण्याचा विचार करावा.

फुगली असेल तर

मग विचार करण्यात वेळ घालवू नका. आतल्या द्रवाचं विघटन होऊन वायू होतो आणि पाकीट फुगतं. टॅब टेबलावर सपाट बसत नाही, कडेला फट पडते, नाहीतर पडद्यावर एका जागी पिवळट-पांढरा डाग दिसतो. असा टॅब चार्जिंगला लावायचा नाही, दाबून फट बुजवायची नाही, आणि ‘हवा काढायला’ टोचायचं तर मुळीच नाही. टोचल्यावर आतले थर एकमेकांना भिडतात, उष्णता वाढते, त्या उष्णतेने पुढची अभिक्रिया आणखी वेगाने होते आणि आग लागते. टॅब बंद करा, गादी-पडद्यांपासून लांब फरशीवर ठेवा आणि हाताला गार लागत असेल तरच दुकानात न्या.

टॅबमध्ये अजून जीव आहे का?

नवी बॅटरी टॅबला जास्त वेळ चालवेल, पण वेगाने चालवणार नाही. संथ मेमरी संथच राहते. म्हणून पैसे देण्याआधी अँड्रॉइडची आवृत्ती बघा. ५.० च्या आधीच्या अँड्रॉइडवर व्हॉट्सॲप चालत नाही. ७.१ च्या आधीच्या आवृत्तीवर सुरक्षा प्रमाणपत्रांची यादी जुनी असल्यामुळे काही वेबसाइट ब्राउझरमध्ये नीट उघडतच नाहीत. कंपनीने सुरक्षेचे अपडेट देणं थांबवलं असेल तर त्या टॅबवर बँकेचं किंवा यूपीआयचं ॲप ठेवू नये, बॅटरी कितीही नवी असली तरी.

पण कीर्तन, पीडीएफ, रेसिपी, नातवाशी व्हिडिओ कॉल एवढंच काम असेल तर सहा वर्षांचा टॅब अजून धडधाकट असतो. माझा हिशेब साधा आहे. तोच टॅब सेकंडहँड जेवढ्याला मिळेल, त्याच्या निम्म्याहून जास्त खर्च बॅटरी आणि मजुरी मिळून येत असेल तर सोडून द्यावं. कमी येत असेल तर करावं. ‘नवाच का घेऊ नये’ म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं की सर्वांत स्वस्त नव्या टॅबचा पडदा आणि स्पीकर तुमच्या जुन्या बऱ्या टॅबपेक्षा अनेकदा हलक्या दर्जाचे असतात. आजींना ते पहिल्या दिवशी कळतं.

नवी बॅटरी नवी आहे कशावरून?

खरी गोम इथे आहे. टॅबचं मॉडेल बंद झालं की कंपनीही त्याची बॅटरी बनवणं कधीतरी थांबवते. मग बाजारात तीन प्रकार फिरतात. कंपनीचीच, पण कित्येक वर्षं गोदामात पडलेली. दुसऱ्या कारखान्याने त्याच मापाची बनवलेली ताजी. आणि फुटलेल्या टॅबमधून काढून नवं लेबल लावलेली. दुकानात ‘ओरिजिनल’ हा शब्द तिन्हींना लावतात, त्यामुळे त्यावरून काही ठरत नाही. पडून राहिलेल्या ‘ओरिजिनल’पेक्षा चांगल्या कारखान्याची ताजी बॅटरी मी घेईन. शेल्फवर बरीच वर्षं पूर्ण रिकामी राहिलेल्या सेलमध्ये तांबं विरघळून आतल्या आत शॉर्ट होण्याचा धोकाही असतो. लेबलवर उत्पादनाची तारीख असते, ती आधी वाचा.

मग वजन. बॅटरीत किती वीज मावते ते ‘एमएएच’मध्ये लिहितात आणि हा आकडा छापायला कोणी कंजुषी करत नाही. पण अशा बॅटरीत १,००० एमएएचला साधारण १५ ते २० ग्रॅम वजन लागतंच, कारण वीज साठवणारा माल तेवढा भरावाच लागतो. लेबलवर ८,००० एमएएच असेल तर बॅटरी १२० ग्रॅमच्या पुढे भरायला हवी. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ती ७० भरली, तर आकडा फक्त छापलेला आहे.

तिसरी गोष्ट भारतीय मानक ब्युरोची, म्हणजे बीआयएसची नोंदणी. अशा बॅटऱ्यांना आपल्याकडे आयएस १६०४६ हे मानक सक्तीचं आहे आणि लेबलवर ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक हवा. बीआयएस केअर या सरकारी ॲपमध्ये तो क्रमांक घातला की कोणत्या कारखान्याच्या नावावर आहे ते दिसतं. काउंटरवर उभं राहून हे तपासलं की दुकानदार जरा बघत राहतो. राहू दे.

‘याच्या मापाची दुसरी बसवून देतो’

नेमकी बॅटरी मिळाली नाही की हा प्रस्ताव येतो. जागा आहे, दोन तारा जोडल्या, झालं. इथे नाही म्हणायला शिका.

पहिलं कारण तारांचं. टॅबच्या बॅटरीला दोनपेक्षा जास्त तारा असतात. अधिक आणि उणे सोडून एक तार तापमानाची असते. बॅटरी ४५ अंशांच्या आसपास गेली की टॅब या तारेच्या सांगण्यावरून चार्जिंग कमी करतो किंवा थांबवतो. भलती बॅटरी जोडताना ही तार जुळत नाही, मग काही जण तिथे एक साधा रेझिस्टर, म्हणजे विजेला ठरावीक अडथळा करणारा सुटा भाग, डकवतात. त्याने टॅबला कायम ‘तापमान ठीक आहे’ असंच कळत राहतं. आत बॅटरी भाजली तरी.

दुसरं कारण व्होल्टेजचं. काही बॅटऱ्या ४.२ व्होल्टपर्यंत चार्ज करायच्या असतात, काही ४.३५ पर्यंत. लेबलवर ते बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. ४.३५ च्या टॅबमध्ये ४.२ ची बॅटरी बसली तर प्रत्येक चार्जिंगला ती प्रमाणाबाहेर भरते. पाकिटाच्या वरच्या टोकाला एक छोटी संरक्षक पट्टी असते, ती बहुधा थांबवेल. ‘बहुधा’वर आजीच्या उशाशी टॅब ठेवायचा का, ते तुम्ही ठरवा.

घरी करता येईल का?

टॅब कोणत्या घराण्यातला आहे त्यावर अवलंबून. २०१२ च्या नेक्सस ७ सारख्या टॅबचं मागचं झाकण नुसत्या नखाने किंवा प्लॅस्टिकच्या पिकने (पातळ चकतीने) सुटतं आणि आत बॅटरीचा कनेक्टर समोर असतो. असा टॅब असेल, हात स्थिर असेल आणि बॅटरी फुगलेली नसेल तर जरूर करावं. आयपॅडसारख्या टॅबमध्ये काचच गोंदाने चिकटवलेली असते. कडा गरम करून गोंद मऊ करायचा, पिक सरकवत काच उचलायची आणि तिच्याखालच्या नाजूक पट्ट्या तुटू द्यायच्या नाहीत. हे काम रोज करणाऱ्याकडून करून घ्यावं.

दोन्हीकडे काही गोष्टी सारख्याच. आधी डेटाचा बॅकअप घ्या. चार्ज २५ टक्क्यांच्या खाली उतरवून मग टॅब बंद करा, म्हणजे चुकून धक्का लागला तरी आत भडकायला ऊर्जा कमी. उघडल्यावर सर्वांत आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवा. बॅटरी तळाला चिकटलेली असते. तिच्याखाली स्क्रूड्रायव्हर खुपसू नका. आयसोप्रोपिल अल्कोहोलचे थेंब कडेने सोडून गोंद सैल झाला की प्लॅस्टिकच्या पट्टीने सावकाश उचला. ती वाकवू नका, आणि काढलेली बॅटरी परत वापरायची नाहीच.

दुकानात देणार असाल तर किंमत ठरवण्याआधी एक प्रश्न विचारा: उघडताना काच फुटली तर खर्च कोणाचा? याचं उत्तर चटकन आणि स्पष्ट देणारं दुकान बहुधा चांगलं असतं. तुमच्यासमोर काम करून मागा, बिलावर बॅटरीची वॉरंटी लिहून घ्या. आणि पासवर्ड सांगायची गरज नाही. बॅटरी बदलायला तो लागत नाही. कंपनीच्या सेंटरला जाणार असाल तर वेगळी सावधगिरी हवी. काही कंपन्या ‘बॅटरी बदल’ म्हणून अख्खा टॅबच बदलून देतात, तुमचे फोटो जुन्या टॅबबरोबर जातात.

कंपन्या चिकटवतात तरी कशाला?

टॅब पातळ होतो, जोडणी स्वस्त आणि वेगवान होते, धूळ-पाणी कमी शिरतं. ही कारणं खरी आहेत. दुरुस्ती अवघड झाली की नवा टॅब खपतो हेही तितकंच खरं. युरोपीय संघाच्या २०२३ च्या बॅटरी कायद्यानुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून उपकरणातली बॅटरी ग्राहकाला बाजारात मिळणाऱ्या अवजारांनी, उष्णता किंवा रसायन न वापरता काढता आली पाहिजे. त्यात सवलती आहेत, तरी कंपन्यांना आराखडे बदलावे लागणार. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ ला ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं. कंपन्यांनी सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती तिथे द्यावी अशी कल्पना आहे, युरोपसारखी सक्ती मात्र नाही. तुमच्या आत्ताच्या टॅबला यातलं काहीच लागू होत नाही, हे सांगायला वाईट वाटतं.

बॅटरीच काढून टाकली आणि प्लगवर चालवला तर?

बहुतेक टॅब बॅटरीशिवाय सुरूच होत नाहीत. क्षणभर लागणारी जास्त वीज बॅटरीच पुरवते. आणि बॅटरी आत ठेवून चोवीस तास प्लगला लावणं म्हणजे शंभर टक्के आणि ऊब, दोन्ही कायमचे. फुगण्याची ही हमखास वाट. भिंतीवर टांगून कॅलेंडर किंवा भजनासाठी वापरायचा असेल तर टायमरचा सॉकेट लावा, म्हणजे तो दिवसातून ठरावीक वेळच चार्ज होईल. टॅबमध्ये ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय असेल तर ती चालू करा.

बदलल्यानंतर

पहिल्या आठवड्यात टक्के विचित्र वागतील, कारण टॅबच्या हिशेबात जुनीच बॅटरी असते. एकदा पूर्ण चार्ज करा, बंद पडेपर्यंत वापरा, पुन्हा न थांबता पूर्ण चार्ज करा. हे एकदाच. ‘दर वेळी पूर्ण उतरवूनच लावायची’ हा सल्ला निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळातला आहे. लिथियमला तो उलट त्रासाचा. वीस ते ऐंशीच्या मध्ये ती सुखी असते.

आणि जुनी?

सुक्या कचऱ्याच्या बादलीत टाकू नका. पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या ताई कचरा हाताने वेगळा करतात आणि पुढे तो गाडीत दाबला जातो. दाबली गेलेली लिथियम बॅटरी पेट घेते. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्वापराला पाठवणं उत्पादकाची जबाबदारी आहे, आणि ‘स्वच्छ’ ई-कचरा वेगळा गोळा करते. कनेक्टरच्या टोकांवर चिकटपट्टी लावा आणि इतर ई-कचऱ्यात न मिसळता वेगळ्या पिशवीत द्या. फुगलेली असेल तर तसं पिशवीवर मोठ्या अक्षरात लिहा, आणि देताना ताईंना तोंडानेही सांगा.